जांगडीवरचा करंडा

लाकडी करंड्याची खरी परीक्षा झाकणापाशी होते. झाकण बसवताना आतली हवा दबत दबत बाहेर पडली, ते अलगद खाली उतरले आणि करंडा उपडा केला तरी निसटले नाही, म्हणजे कातणाऱ्याचा हात बसलेला आहे असे समजावे. रंग, लाखेची चकाकी, कडेच्या दोन पिवळ्या रेघा हे सगळे डोळ्यांना दिसते. झाकणाची बसणी मात्र बोटांनाच कळते. दुकानात आलेले गिऱ्हाईक तीनचार करंडे उघडून-मिटून पाहते, एक निवडते, पैसे देते आणि जाते. तो करंडा फळीवर किती महिने होता आणि तेवढे महिने कोणाच्या मालकीचा होता, हा प्रश्न त्याला पडत नाही. पण हस्तकलेच्या धंद्याचा जीव याच प्रश्नात आहे. पुष्कळदा तो करंडा दुकानदाराचा नसतोच. तो जांगडीवर ठेवलेला असतो: विकला तर पैसे, नाही तर माल परत. हस्तकला जगवण्याच्या चर्चेत आपण प्रदर्शने, संकेतस्थळे, मानांकने यांच्याबद्दल भरभरून बोलतो आणि या साध्या व्यवहाराकडे कानाडोळा करतो. माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. कातकामाची, म्हणजे लाकूड फिरवत कातून घडवण्याच्या कामाची, मुख्य बाजारपेठ कारागिराच्या पंचक्रोशीतले दुकान हीच असायला हवी आणि त्या दुकानाने माल रोखीने विकत घ्यायला हवा.

महाराष्ट्रात या विषयावर बोलायचे तर सावंतवाडीपासून सुरुवात करणे भाग आहे. अठराव्या शतकात सावंतवाडी संस्थानाच्या आश्रयाने चितारी मंडळींनी इथे गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले खेळायचे पत्ते, आणि लाखकाम फुलवले. त्यांच्याच नावाची चितार आळी आजही लाकडी वस्तूंच्या दुकानांसाठी ओळखली जाते. भोवरे, भातुकली, बुद्धिबळाची प्यादी, पोळपाट-लाटणी, चौरंगाचे कातीव पाय, आणि खरी समजून हात घालावा अशी केळी-वांगी-आंबे, असा हा माल. फळांसाठी पांगाऱ्यासारखे हलके, मऊ लाकूड लागते. लाटण्याला ते चालत नाही, तिथे घट्ट आणि जड लाकूडच हवे. लाखकामात कातलेला तुकडा फिरत असतानाच त्यावर रंगीत लाखेची कांडी दाबून धरतात, घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि लाकडाच्या अंगावर पसरते. यात ब्रश नाही की डबा नाही. लाकूड, वेग आणि हाताचा दाब यांचाच हा खेळ आहे. दुकान पुढे आणि काम मागे, अशी या धंद्याची जुनी ठेवण. विकणारा आणि घडवणारा यांच्यात तेव्हा एका दाराचेच अंतर होते. आज ते अंतर वाढले आहे, आणि त्या वाढलेल्या अंतराचा खर्च कोणी सोसायचा हाच वादाचा मुद्दा आहे.

आधी दुकान जवळचेच का, ते पाहू. लाकूड तोडल्यावरही हवेशी देवाणघेवाण करत राहते. ओल्या हवेत ते फुगते, कोरड्या हवेत आक्रसते. शिवाय ते सगळ्या बाजूंनी सारखे आक्रसत नाही. वाढीच्या वर्तुळांच्या दिशेने होणारी घट ही गाभ्याकडून सालीकडे होणाऱ्या घटीच्या साधारण दुप्पट असते. त्यामुळे पुरेसे न वाळलेले लाकूड अगदी गोल कातले तरी काही महिन्यांनी ते किंचित लंबगोल होते. कोकणातल्या श्रावणात घट्ट बसणारे करंड्याचे झाकण पुण्यातल्या मार्च महिन्यात खुळखुळू शकते, आणि दिल्लीतल्या वातानुकूलित दिवाणखान्यात त्याच करंड्याला चीरही जाऊ शकते. गिऱ्हाईक म्हणते, माल फसवा निघाला. खरे तर माल फसवा नसतो, हवा बदललेली असते. जवळच्या दुकानातली वस्तू त्याच हवेत वाढलेली असते आणि बहुधा त्याच हवेत नांदते. झाकण अडलेच तर ती परत आणता येते आणि कातारी दोन मिनिटांत कड घासून देतो. हजार किलोमीटरवरून दोनशे रुपयांचा करंडा अशा दुरुस्तीसाठी परत पाठवणे कोणालाही परवडत नाही. तिथे एक तर पैसे परत द्यायचे, नाही तर बदनामी पत्करायची.

दुसरे कारण माहितीचे. लाटणे मधे जाड हवे की सरळ, मूठ किती लांब हवी, पोळपाटाला तीन पाय बरे की खाली सपाट कडे बरे, लहान मुलाच्या मुठीत भोवरा मावतो का, ही सगळी विद्या गल्ल्यापाशी जमा होते. गिऱ्हाईक वस्तू उचलते, नाक मुरडते आणि ठेवून देते. त्या नाक मुरडण्यातच पुढच्या मालाचा नमुना दडलेला असतो. गावातला दुकानदार ही गोष्ट त्याच आठवड्यात कारागिराच्या कानावर घालू शकतो. दहा दिवसांच्या प्रदर्शनात गर्दी मोठी असते, पण तेच गिऱ्हाईक पुन्हा येत नाही. वस्तू वर्षभर वापरून तिच्याबद्दल चांगले-वाईट सांगायला आलेला माणूस प्रदर्शनाच्या मांडवात भेटत नाही. महालक्ष्मी सरससारख्या प्रदर्शनांनी बचत गटांच्या बायकांना मुंबईचे गिऱ्हाईक दाखवले, हे त्यांचे मोठे काम आहे. मात्र वर्षातले दहा दिवस म्हणजे बाजारपेठ नव्हे. बाकीच्या साडेतीनशे दिवसांचे काय, हा प्रश्न तसाच राहतो.

जवळच्या दुकानाचे महत्त्व किती, याचा पुरावा अलीकडच्या इतिहासातच आहे. कर्नाटकातले चन्नपट्टण हे लाखेच्या खेळण्यांचे देशातले सर्वांत नावाजलेले गाव. भौगोलिक मानांकन त्याला मिळूनही जवळपास दोन दशके झाली. परदेशात निर्यात आहे, कौतुकाला तोटा नाही. तरीही मार्च २०२३मध्ये बंगळुरू-म्हैसूर द्रुतगती महामार्गाचे उद्घाटन झाले, वाहने गावाला वळसा घालून जाऊ लागली आणि जुन्या रस्त्यावरच्या खेळणीवाल्यांनी गिऱ्हाईक आटल्याची तक्रार केली. त्याच जुन्या रस्त्यावरच्या मद्दूरच्या वडेवाल्यांचेही तेच झाले. मानांकन तसेच होते, कारागीर तेच होते, इंटरनेटही होते. बदलली होती फक्त दुकानासमोरून जाणारी वाट. सावंतवाडीने हा अनुभव आधीच घेतला आहे. मुंबई-गोवा महामार्गाची वाहतूक एकेकाळी थेट शहरातून, मोती तलावाच्या काठाने जाई. झाराप-पत्रादेवी हा बाह्यवळण रस्ता झाल्यावर चितार आळीत जायला वाट वाकडी करावी लागते. रेल्वे स्थानकही शहराबाहेरच आहे. रस्ता गावाबाहेरून गेला म्हणून एखादी कला अडचणीत येत असेल, तर तिचा खरा आधार कुठे होता हे वेगळे सांगायला नको.

उलट बाजूचा दाखलाही सावंतवाडीतच आहे. गंजिफाची कला गेल्या शतकात जवळजवळ संपली होती. सावंतवाडीच्या राजघराण्यातले शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी पुंडलिक चितारी या वृद्ध कारागिराकडून ती शिकून घेतली आणि १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला राजवाड्यातच कारागिरांना कामाला बसवले. राजवाडा पाहायला येणाऱ्याला समोर बसून रंगवणारे हात दिसत आणि तिथेच वस्तू विकत घेता येई. या प्रयोगाचे श्रेय बहुधा राजाश्रयाला दिले जाते. पण त्यातली व्यवहाराची बाजू जास्त शिकण्यासारखी आहे. घडवण्याची जागा आणि विकण्याची जागा एक होती, ती वर्षभर उघडी होती, आणि वस्तू विकली जाईपर्यंत कारागिराला ताटकळत बसावे लागत नव्हते. ज्या पदरात पैसा होता त्या पदराने जोखीम घेतली. संस्थाने गेली, पण जोखीम कोणी घ्यायची हा प्रश्न प्रत्येक दुकानाच्या उंबऱ्यावर अजून उभा आहे.

आता जांगडीचा हिशेब मांडू. आकडे केवळ उदाहरणासाठी घेतले आहेत. समजा, करंड्याची दुकानातली किंमत २०० रुपये आहे. जांगडीत दुकानदार ६० ठेवतो आणि कारागिराला १४० देतो. रोखीत तो सरळ १०० रुपयांना माल उचलतो. कागदावर जांगड कारागिराच्या फायद्याची दिसते आणि तिची बाजू घेणारे नेमके हेच दाखवतात. पण कारागिराने १०० करंडे दिले असे धरा. रोखीत त्याला आज १०,००० रुपये मिळाले. जांगडीत वर्षभरात ६० विकले गेले, १५ हाताळून मळले, टवके उडाले किंवा उन्हात फिके पडले, आणि २५ परत आले. मिळाले ८,४०० रुपये, तेही चारपाच हप्त्यांत, चारपाच खेपा घालून. बरोबरी साधायची तर शंभरातले ७२ विकले जायला हवेत. तेवढे विकले गेले तरी वर्षअखेरीस मिळणारे दहा हजार आज हातात पडणाऱ्या दहा हजारांच्या तोलाचे नसतात. आजच्या दहा हजारांतून लाकूड, लाख आणि विजेचे बिल भागते, पुढचा माल कातला जातो, वर्षात तेच पैसे तीनदा फिरतात. जांगडीवाला मधल्या काळात लाकडासाठी उसने घेतो. म्हणजे दुकान सजवायला लागणारे भांडवल त्याने पुरवायचे आणि त्यावरचे व्याजही त्यानेच भरायचे, असा हा उफराटा न्याय आहे.

कायदाही इथे कारागिराच्या मदतीला येत नाही. सूक्ष्म आणि लघु उद्योगांची देणी जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकती करावीत, असे २००६चा एमएसएमईडी कायदा सांगतो. आयकर कायद्यात अलीकडे आलेल्या तरतुदीमुळे अशी देणी वेळेत न देणाऱ्या व्यावसायिकाला त्या वर्षी त्या खर्चाची वजावट मिळत नाही. कारागिराने उद्यम नोंदणी केलेली असेल तर हे हत्यार चांगले धारदार आहे. मात्र जांगडीपुढे ते बोथट होते, कारण जांगडीच्या मालाची विक्रीच झालेली नसते. १९३०च्या मालविक्री कायद्याच्या कलम २४ प्रमाणे पसंतीवर दिलेल्या मालाची मालकी, घेणाऱ्याने पसंती कळवल्यावर किंवा ठरलेल्या अथवा वाजवी मुदतीपलीकडे माल परत न करता ठेवून घेतल्यावरच बदलते. गावच्या व्यवहारात मुदत ठरवलेली नसते आणि चिठ्ठीही नसते. मग वाजवी मुदत कोणती, हे सांगणार कोण? विक्री झाल्याचे ठरत नाही तोवर ४५ दिवस मोजायचे कुठून, हेही ठरत नाही. मोठ्या उद्योगांच्या थकबाकीवर बोट ठेवणारा कायदा करंडेवाल्याच्या दारापर्यंत येतो आणि तिथूनच मागे फिरतो.

यावर दुकानदाराची बाजू आहे आणि ती ऐकायला हवी. तोही कोणी धनाढ्य नाही. साखर, साबण, बिस्किटे आठवड्यात संपतात. लाकडी फुलदाणी सहा महिने हलत नाही. अशा मालात पैसा अडकवला तर किराणा कशाने भरायचा? प्रश्न रास्त आहे, पण त्यावर सरसकट जांगड हे उत्तर होत नाही. सगळा कातीव माल सारखा मंद नसतो. पोळपाट, लाटणे, भोवरा या हमखास खपणाऱ्या वस्तू रोखीनेच घ्याव्यात. फुलदाण्या, दिव्यांचे खांब, मोठे बुद्धिबळ असा नवा किंवा महाग माल पहिल्या खेपेला जांगडीवर चालेल, पण तो एका हंगामापुरता, लेखी चिठ्ठीवर, परतीची तारीख घालून, आणि खराब झालेल्या नगाचे पैसे दुकानदार देईल या अटीवर. भांडवलाची अडचणही सुटू शकते. केंद्राच्या विश्वकर्मा योजनेत २०२३पासून सुतार आणि पारंपरिक खेळणी घडवणारे यांना प्रशिक्षण, अवजारांसाठी १५,००० रुपये आणि दोन टप्प्यांत मिळून तीन लाखांपर्यंत कर्ज ५ टक्के व्याजाने मिळते. योजना चांगली आहे, पण तिचा सगळा जोर घडवण्यावर आहे. घडवलेला माल रोखीने उचलणाऱ्या छोट्या दुकानदाराला खरेदीच्या पावत्यांवर तशाच स्वस्त व्याजाचे खेळते भांडवल दिले, तर तोच पैसा दुकानातून फिरून कारागिराच्या हाती येईल, तोही कर्ज म्हणून न येता कमाई म्हणून येईल.

रोखीच्या बाजूने आणखी एक कारण आहे, आणि मला ते सर्वांत मोलाचे वाटते. ज्याचा पैसा अडकतो, तोच माल पुढे मांडतो. जांगडीचा करंडा फळीच्या वरच्या कोपऱ्यात धूळ खातो, कारण तो न विकल्याने दुकानदाराचे काही जात नाही. स्वतःच्या पैशाने घेतलेला करंडा मात्र गल्ल्याशेजारी येतो, रोज फडक्याने पुसला जातो, गिऱ्हाइकाच्या हातात दिला जातो. भोवरा रोखीने घेतलेला दुकानदार जाळी गुंडाळून तो फरशीवर फिरवून दाखवेल, आर नीट बसली आहे का हे आधी बघून घेईल, आणि वाकडा फिरणारा भोवरा कारागिराला तिथल्या तिथे परत करेल. म्हणजे रोखीचा धाक कारागिरालाही बसतो. जांगडीत कसाही माल ठेवून घेतला जातो, कारण घेणाऱ्याचे नुकसान नाही. रोखीत झाकण उघडून-मिटून पाहिल्याशिवाय कोणी पैसे देत नाही. कारागिरीची पत सांभाळण्याचे काम अशी रोजची खरेदी जितके करते, तितके कोणतेही प्रमाणपत्र करू शकत नाही.

दुसरा आक्षेप किमतीचा. गावचा माणूस दोनशे रुपयांचा करंडा कशाला घेईल, प्लास्टिकची डबी दहा रुपयांत मिळते! प्लास्टिकशी किमतीच्या कुस्तीत लाकूड हरणार, हे मान्य करून टाकावे. सरकारने २०२०मध्ये खेळण्यांवरचे आयात शुल्क २० वरून ६० टक्क्यांवर आणि २०२३मध्ये ७० टक्क्यांवर नेले. १ जानेवारी २०२१पासून खेळण्यांना मानक चिन्ह सक्तीचे करताना नोंदणीकृत हस्तकला कारागिरांना आणि मानांकनप्राप्त वस्तूंना त्यातून सूट दिली. सीमेवरची लढाई त्यामुळे सोपी झाली, पण देशात तयार होणारे प्लास्टिक आहेच. म्हणून गावच्या दुकानाने सुरुवात अशा वस्तूंपासून करावी जिथे लाकडाला पर्याय नाही. पोळी आजही लाकडी लाटण्यानेच लाटली जाते. वेगवेगळ्या दुकानांत मिळणारे यंत्रावरचे, एकाच मापाचे, गुळगुळीत वार्निश मारलेले लाटणे आणि आपल्या तालुक्यात कातलेले लाटणे यांच्या किमतीत फार तर चहाच्या दोन कपांचा फरक पडेल. हे लाटणे एकदा घरात गेले की करंडा आपोआप मागून येतो. सावंतवाडीचा सिंधुदुर्ग १९९७मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, त्याचे गिऱ्हाईक वेगळे. पण पर्यटकावर विसंबलेले दुकान पावसाळ्यात ओस पडते. स्थानिक घरातले लाटणे बारमाही खपते. एरवी गल्ला त्यावर चालतो आणि हंगामात भातुकलीवर.

तिसरा आक्षेप आजच्या काळाचा: दुकान कशाला, सगळे ऑनलाइन विका. ऑनलाइन विक्रीला माझा विरोध नाही. ऑक्टोबर २०२३पासून राज्यातल्या राज्यात ई-व्यापार मंचावर माल विकणाऱ्या लहान विक्रेत्यांना जीएसटी नोंदणीच्या सक्तीतून सूट मिळाली, हेही चांगले झाले. पण हाताने कातलेल्या वस्तूचा आणि या मंचांचा स्वभाव जुळत नाही. मंचाला एका छायाचित्राबरहुकूम पाचशे सारखे नग हवे असतात; हातकामात प्रत्येक नग आपल्या लाकडाच्या रेषांप्रमाणे थोडा वेगळा येतो. गिऱ्हाईक त्याला खोट समजते आणि माल परत पाठवते. पोळपाटासारखी जड आणि स्वस्त वस्तू पाठवायला वाहतूकखर्च जबर लागतो. शिवाय झाकणाची बसणी पडद्यावर दिसत नाही, हे वर आलेच आहे. ओळख दुकानात व्हावी आणि पुढची मागणी फोनवर यावी, हा क्रम सरळ आहे. कोकणाला तर याची सोय निसर्गानेच दिली आहे असे म्हणावे लागेल. गणपती, शिमगा आणि मे महिना असे वर्षातून तीनदा चाकरमानी गावी येतात. त्यांनी दुकानात भातुकली हातात घेऊन पाहिली, तर डोंबिवलीतल्या भाचीच्या वाढदिवसाला दुसरी मागवायला त्यांना छायाचित्रही पुरेल.

चौथा आक्षेप सर्वांत बोचरा आहे: दुकानांवर विश्वास कसा ठेवायचा? पर्यटनस्थळांच्या दुकानांत बाहेरगावचा यंत्रमाल स्थानिक म्हणून खपवला जातो, हे कोणापासून लपलेले नाही. सावंतवाडीच्या गंजिफांना आणि लाकडी कारागिरीला २०२४मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ते याच दुखण्यावरचे औषध आहे. पण औषध बाटलीत राहून उपयोग नाही. मानांकन नोंदवहीत असते, फळीवर असते ती चिठ्ठी. प्रत्येक वस्तूला लहानशी चिठ्ठी असावी: कोणी कातली, कोणत्या गावात, लाकूड कोणते, आणि वर लाख आहे की तेलरंग. शेवटची नोंद विशेष महत्त्वाची, कारण भातुकलीतले कप-बशी आणि बाळाचा खुळखुळा थेट तोंडात जातात. आंध्र प्रदेशातल्या एटिकोप्पाका गावात सी. व्ही. राजू यांनी वनस्पतिजन्य रंगांची लाख पुन्हा रुजवली आणि २०२३मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. रंगाची शुद्धता हाच विक्रीचा मुद्दा होऊ शकतो हे त्या गावाने दाखवून दिले. बाहेरचा माल विकायला दुकानदाराला बंदी नाही. त्याने तो वेगळ्या फळीवर, त्याच्या खऱ्या गावाच्या नावाने विकावा, एवढेच.

हे सगळे केवळ दुकानदाराच्या सद्बुद्धीवर सोडता येणार नाही आणि त्यासाठी नवे महामंडळही नको. राज्याचे लघुउद्योग विकास महामंडळ १९६२पासून आहे, आणि मुंबईतल्या एम्पोरियमपर्यंत पोहोचणारा कारागीर नेहमीच थोडा असतो. सरकारच्या हातात एक सोपी किल्ली आहे, ती म्हणजे जागा. एसटी स्थानकांतले गाळे, पर्यटन महामंडळाच्या निवासांतली दुकाने, नगरपालिकांची संकुले, रेल्वेच्या २०२२पासूनच्या ‘एक स्थानक एक उत्पादन’ योजनेतले ठेले, चिपीच्या विमानतळावरची विक्रीची जागा, या सगळ्या सार्वजनिक जागा आहेत. त्यातल्या ज्या हस्तकलेच्या नावाखाली सवलतीत दिल्या जातात, त्यांच्या करारात एकच अट घालावी: नेहमीच्या खपाचा स्थानिक माल रोखीने घ्यायचा, नवा माल जांगडीवर घेतला तर लेखी मुदतीने, आणि दोन्हींच्या पावत्या तपासणीला ठेवायच्या. या अटीला अनुदान लागत नाही. सवलत करदात्याने द्यायची, नफा दुकानाने घ्यायचा आणि जोखीम कातणाऱ्याने वाहायची, ही वाटणी मात्र तिने मोडते.

कातकामाला जगवायला दयेची गरज नाही. लाटणे रोज लागते, भोवरा पुन्हा पुन्हा विकत घेतला जातो, करंडा पिढ्यान्‌पिढ्या पुरतो. अशा वस्तूंना बाजार नाही असे म्हणता येत नाही. बाजार आहे, त्यातल्या उधारीचे ओझे चुकीच्या खांद्यावर आहे, आणि ते हलवण्याचे थोडे बळ गिऱ्हाइकाकडेही आहे. येत्या गणपतीत किंवा मे महिन्यात चितार आळीत नाही तर आपल्या तालुक्याच्या दुकानात लाकडी करंडा हातात घ्याल, तेव्हा झाकण उघडून-मिटून पाहाच. किमतीत घासाघीस करायची तर तीही करा. पण पैसे देण्याआधी दुकानदाराला एक प्रश्न जरूर विचारा: याचे पैसे कातणाऱ्याला पोहोचले का?